मुनव्वर बागवानांचा अभिप्राय

पुण्यात ज्याने म्हणून पदरमोड करून कादंबरी छापली, त्याला मुनव्वर बागवान हे नाव वेगळं सांगावं लागत नसे. प्रकाशकांनी दारातून परत पाठवलेलं आणि नातेवाइकांनी "वा, वा" करून टीव्हीखाली ठेवून दिलेलं पुस्तक शेवटी दोन प्रतींच्या जुडग्यात बांधलं जायचं. आत लफ्फेदार अक्षरात "अभिप्रायार्थ सादर" लिहिलं जायचं आणि ते जुडगं जायचं थेट मार्केट यार्डात. हो, फळबाजारातच! तिथं डाळिंबा-मोसंबीच्या ढिगाऱ्यांमध्ये मुनव्वरभाई आपल्या थोरल्या भावाच्या, गुलजारभाईंच्या गाळ्यावर बसायचे आणि माल घेऊन आलेल्या शेतकऱ्यांच्या विक्रीच्या पट्ट्या लिहायचे. दुपारी बाजार ओसरला, हमाल पोत्यांवर आडवे झाले, की ते टेबलाखालून पुस्तक काढायचे.

आणि पुस्तकं तरी कसली कसली! महापालिकेतून निवृत्त झालेले हेरकथा लिहायचे. दवाखाना न चालणारे डॉक्टर भुताखेतांवर लिहायचे. एका गृहस्थाने मंगळावर सहकारी गृहनिर्माण सोसायटी वसवली होती आणि पहिली तीन प्रकरणं तिथल्या पार्किंगच्या भांडणातच गेली होती. बँकेतल्या बाई प्रेमकथा लिहायच्या, शाळामास्तर इतिहासावर घाव घालायचे आणि ज्यांच्या जमिनी जाऊन बंगले आले होते ते त्या बंगल्यात बसून बैलांवर लिहायचे. मुनव्वरभाई सगळं वाचायचे. अगदी अर्पणपत्रिकेपासून शुद्धिपत्रापर्यंत.

हे सगळं सुरू झालं ते एका साप्ताहिकामुळे. त्याचे संपादक संभाजीराव हे मुनव्वरभाईंचे रात्रशाळेतले सोबती. त्यांना कोपऱ्यातली एक रिकामी जागा भरायची होती. मुनव्वरभाईंना मराठी वाचायचं वेड लहानपणापासून, बोलणं मोजकं, अक्षर टपोरं. संभाजीराव म्हणाले, "मोठमोठ्या प्रकाशकांच्या पुस्तकांवर मोठे लोक लिहितात. या बिचाऱ्यांवर कोण लिहिणार? तू लिही." सदराचं नाव ठेवलं 'स्वखर्चाने'.

पहिलं परीक्षण त्यांनी मनापासून लिहिलं. आप्पासाहेब नावाच्या एका निवृत्त गृहस्थांची हेरकथा होती. मुनव्वरभाईंनी लिहिलं, की खुनी कोण हे दुसऱ्याच प्रकरणात कळतं. इन्स्पेक्टरच्या बायकोचं नाव पाचव्या प्रकरणात वेगळं आणि नवव्यात वेगळं आहे, आणि इन्स्पेक्टरला त्याचा पत्ता नाही, त्यामुळे खुनाचा तपास त्याच्याकडे देऊ नये. संभाजीराव पोट धरधरून हसले. चहावाल्याने सुद्धा वाचलं. मुनव्वरभाईंना दोन दिवस अगदी राजासारखं वाटलं.

तिसऱ्या दिवशी एक शिडशिडीत म्हातारे गृहस्थ गाळ्यावर आले. इस्त्रीचा शर्ट, काखेत छत्री. त्यांनी मोसंबी घेतली, पैसे दिले आणि मग हलक्या आवाजात म्हणाले, "परीक्षण वाचलं. आपण म्हणता ते बरोबर आहे. बायकोच्या नावाची चूक तर माझ्याही लक्षात आली नव्हती. ही गेल्यावर दुपार खायला उठायची, म्हणून लिहायला घेतलं होतं." मग थोडं थांबून म्हणाले, "आता दुपारचं दुसरं काहीतरी बघतो."

एवढंच बोलून आप्पासाहेब गेले. ना चिडले, ना भांडले. अहो, एखादी शिवी तरी घालायची! मुनव्वरभाई संध्याकाळी घरी जाऊन बायकोला, हुस्नबानूला म्हणाले, "मी आज एका माणसाच्या दुपारी काढून घेतल्या." जेवले नाहीत. पुढे एकदा मुद्दाम पत्ता शोधून आप्पासाहेबांकडे गेले, तर ते गॅलरीत नुसते बसले होते. "काही लिहिताय का?" विचारलं तर हसून "छे, छे" म्हणाले. त्या दिवशी मुनव्वरभाईंनी कानाला खडा लावला. परत कुणाला वाईट म्हणून लिहायचं नाही.

आणि नाही लिहिलं. वर्षानुवर्षं नाही लिहिलं.

वाचायचे मात्र इमानाने. खोटं लिहायचं, पण वाचून लिहायचं, असा त्यांचा नेम. हळूहळू प्रत्येक प्रकाराचं वाक्य ठरून गेलं. हेरकथा असली की "शेवटच्या पानापर्यंत थांगपत्ता लागत नाही". भयकथा असली की "अंगावर काटा आणणारी". प्रेमकथेला "डोळ्यांच्या कडा ओलावतात", गावाकडच्या कादंबरीला "मातीचा वास", आणि विज्ञानकथेला "मराठीत आजवर न झालेला प्रयोग". शेवटी सगळ्यांना मिळून एक वाक्य असायचंच, "या कादंबरीने मराठी साहित्याला नवं वळण दिलं आहे." लेखक ते कापून पाकिटात ठेवायचे. दुसरी आवृत्ती काढणारे मागच्या कव्हरवर छापायचे. प्रकाशन समारंभाला मुनव्वरभाईंना बोलावणं यायचं, शाल आणि नारळ मिळायचा. नारळांची चटणी व्हायची. शाली इतक्या साचल्या, की हुस्नबानूने थंडीच्या दिवसांत त्या यार्डातल्या हमालांना वाटल्या. यार्डात पहाटेच्या लिलावाला निम्मे हमाल सत्कारमूर्ती दिसायचे.

"तुम्हाला वाईट पुस्तक कधी येतच नाही का हो?" हुस्नबानू विचारायची.

"येतं ना."

"मग?"

"मग काय. माणूस चांगला असतो."

यावर ती कपाळाला हात लावायची. पण खरं सांगायचं तर मुनव्वरभाईंना हे आवडायलाही लागलं होतं. कुठंही गेलं की कुणीतरी उठून खुर्ची द्यायचं. बागवानाच्या पोराला कर्वेनगरच्या सोसायटीत, कॉलेजच्या हॉलमध्ये, लोक "सर" म्हणायचे. हे कुणाला नकोय? दयेपोटी सुरू केलेली गोष्ट अशी सवयीची होऊन जाते आणि मग तिच्यात आपलीही थोडी सोय असते. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही, पण त्यांनी कधी त्याच्याकडे रोखून बघितलं नाही.

मग एका उन्हाळ्यात 'उपसा' आली.

पातळ पुस्तक, कव्हरवर निळ्या रंगात काहीतरी फासलेलं, छपाई सुमार. लेखिका शालन दाभाडे, राहणार खराडी. कव्हरच्या आत एका ओळीत लिहिलं होतं, "भयकादंबरी". मुनव्वरभाईंनी सुस्कारा टाकला, "अंगावर काटा आणणारी" हे वाक्य मनात तयार ठेवलं आणि पान उलटलं.

गोष्ट साधी होती. खराडीत एका शेतकऱ्याची विहीर बुजवून तिच्यावर काचेची मोठी कंपनी उभी राहते. त्याच घरातली एक मुलगी त्या कंपनीत फरशी पुसायच्या कामाला लागते. रोज भर दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, तिला एक म्हातारा दिसतो. धोतर, हातात मोटारीच्या खोक्याची किल्ली. तो कुणाला त्रास देत नाही, ओरडत नाही, रक्त नाही, केस मोकळे सोडलेली बाई नाही. तो फक्त विचारतो, "लाईट आली का गं?" विहिरीवरची मोटार सुरू करायला तो विजेची वाट बघत असतो. आणि मुलीच्या डोक्यावर छताला दिव्यांच्या रांगाच्या रांगा जळत असतात. ती कधी "नाही आली, आजोबा" म्हणते, कधी उत्तर न देता निघून जाते. असं करत करत पुस्तक पुढं जातं. शेवटच्या पानावर ती मुलगी पहिल्यांदाच म्हणते, "आली." बस्स. तिथं पुस्तक संपतं.

मुनव्वरभाईंनी पुस्तक मिटलं. समोर गुलजारभाई पट्टी मागत होते, एक शेतकरी टेम्पो सुटेल म्हणून घाई करत होता. मुनव्वरभाईंना काही ऐकू येईना. त्यांनी पहिल्या पानापासून परत वाचायला घेतलं. गुलजारभाई करवादले, "अरे, काय झालं काय? घरून फोन आला का?"

"भाईजान," मुनव्वरभाई म्हणाले, "हे खरंय."

"काय खरंय?"

त्यांना सांगता येईना. डोळ्यांच्या कडा ओलावल्या होत्या, आणि हे वाक्य आपण आजवर किती जणींच्या प्रेमकथांना देऊन बसलोय ते आठवून त्यांनाच कसंतरी झालं. इतक्या वर्षांत एवढी पुस्तकं वाचली, ती सगळी जणू या एका पुस्तकासाठी वाचली, असं त्यांना वाटलं. एखाद्या मोठ्या लेखकालाही हे जमलं नसतं. आणि या शालन दाभाडे बाईंनी ते खराडीत बसून लिहिलं, स्वतःच्या पैशाने छापलं आणि फळबाजारात पाठवून दिलं!

पुस्तकाच्या मागे फोन नंबर होता. त्यांनी तिथूनच लावला.

"हॅलो, शालनताई? मी मुनव्वर बागवान. 'उपसा' वाचली. ताई, फार मोठं काम केलंत तुम्ही. फार मोठं."

 पलीकडून एक कोरडा, समजूतदार आवाज आला. "बरं."

"काय बरं? अहो, मी मनापासून सांगतोय!"

"हो. थँक्यू सर."

"पुढं काय लिहिताय?"

"दुसरी घेतली होती लिहायला. निम्मी झालीय. पण घरात म्हणतात, पुरे आता. मी म्हटलं, ही कशी जाते ते बघू. जगाला खरंच आवडली तर लिहीन. नाहीतर ठेवून देणार. उगाच मनाचे खेळ करण्यात अर्थ नाही."

"ताई, ती पूर्ण करा. मी आहे. ही घराघरात पोचेल, हे मी बघतो."

"बरं," ती परत म्हणाली.

त्या रात्री मुनव्वरभाई परीक्षण लिहायला बसले आणि गंमत बघा, लिहिता येईना. जो शब्द उचलावा तो उष्टा. "अंगावर काटा" त्या डॉक्टरला दिलेला. "नवं वळण" सगळ्यांना दिलेलं. "थांगपत्ता", "मातीचा वास", "हातातून खाली ठेववत नाही", सगळं वाटून संपलेलं. शेवटी त्यांनी ठरवलं, एकही कौतुकाचा शब्द वापरायचा नाही. पुस्तकात काय आहे ते फक्त सांगायचं. विहीर, काच, म्हातारा, दुपार. आणि शेवटी लिहिलं, "मी हे पुस्तक दोनदा वाचलं. तुम्ही एकदा वाचा." आयुष्यात इतकं चांगलं त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. हुस्नबानूने वाचून दाखवायला सांगितलं आणि ती ऐकत राहिली. ऐकून झाल्यावर म्हणाली, "मला द्या ते पुस्तक."

परीक्षण संभाजीरावांकडे गेलं. ते छापून आलं त्या दिवशी मुनव्वरभाईंनी अंक उघडला आणि कपाळावर हात मारून घेतला. वर ठळक मथळा होता, "अंगावर काटा आणणारी कादंबरी". आणि खाली, "तुम्ही एकदा वाचा" याच्या पुढे, दोन वाक्यं. "लेखिकेची शैली ओघवती आहे. या कादंबरीने मराठी साहित्याला नवं वळण दिलं आहे."

त्यांनी फोन लावला. 

"संभाजी, हे काय केलंस?"

"अरे, तुझी तब्येत बरी नव्हती का? नुसतीच गोष्ट सांगून मोकळा झालास. कौतुकाचा एक शब्द नाही! लोकांना वाटलं असतं, बागवानांना पुस्तक आवडलं नाही. बाईंना किती वाईट वाटलं असतं. म्हणून मी आपली तुझीच नेहमीची वाक्यं घातली."

"कोणी सांगितलं होतं तुला?"

"कोणी कशाला सांगायला पाहिजे? एवढी वर्षं तुझं छापतोय." संभाजीराव दुखावले. "चांगलं करायला जावं तर हे असं."

आता त्या माणसावर चिडायचं तरी कसं? त्याने मुनव्वरभाईंकडूनच शिकलेलं केलं होतं. मुनव्वरभाईंनी फोन ठेवला आणि अंक व 'उपसा'च्या प्रती घेऊन तडक अप्पा बळवंत चौकात बाळ चिपळोणकरांच्या दुकानात गेले. चिपळोणकर म्हणजे पुस्तकविक्रीतलं जुनं खोड. त्यांनी एखादं पुस्तक काउंटरवर पुढं ठेवलं की ते खपायचं, कारण गिऱ्हाईक त्यांच्या तोंडाकडे बघून पुस्तक घ्यायचं. तोंड कायम एरंडेल प्यायल्यासारखं असल्यामुळे त्यावर विश्वास बसायचा.

"चिपळोणकर, ही 'उपसा'. ही तुम्ही काउंटरवर ठेवा."

चिपळोणकरांनी चष्म्यावरून मथळा वाचला. "नवं वळण का? मुनव्वरराव, गेल्या इतक्या वर्षांत तुम्ही मराठी साहित्याला इतकी वळणं दिलीत, की ते फिरून परत शनिवारवाड्यापाशी आलं असेल."

"ती वाक्यं माझी नाहीत."

"असं? मग कोणाची? तुमच्या नावाखाली छापलीत."

"म्हणजे... माझीच आहेत. पण यावेळी मी लिहिली नव्हती."  दुकानात दोन-चार गिऱ्हाइकं होती, पण आता लाज धरून चालणार नव्हतं. "चिपळोणकर, मी आजवर खोटं लिहीत आलो. एकजात सगळ्यांना चांगलं म्हटलं. ते खोटं होतं."

"ते आम्हाला ठाऊक आहे," चिपळोणकर शांतपणे म्हणाले. "सगळ्या पुण्याला ठाऊक आहे. त्यात कबूल काय करायचं?"

"पण हे पुस्तक खरं आहे!"

"असेल की. पण ते आम्ही ओळखायचं कसं? तुम्ही खोटं लिहिता तेव्हाही असंच लिहिता आणि खरं लिहिता तेव्हाही असंच."

"एक पान वाचा. इथं उभ्या उभ्या. एकच पान."

"अहो, मला वाचायला वेळ असता तर मी परीक्षणं कशाला वाचली असती?" मग चिपळोणकरांचा आवाज जरा खाली आला. वाईट माणूस नव्हता तो. "पूर्वी एकदा तुमच्या शब्दावर मी एका गिऱ्हाइकाला हेरकथा दिली होती. प्रोफेसर होते, दर शनिवारी यायचे. परत काही आले नाहीत. तेव्हापासून तुमचा शब्द मी चालवत नाही. राग मानू नका. प्रती ठेवून जा, मागच्या फळीवर ठेवतो."

मागच्या फळीवर मुनव्वरभाईंनी स्वतःच नवं वळण दिलेली पुस्तकं ओळीने धूळ खात उभी होती. तिथंच 'उपसा' जाऊन बसली.

त्यानंतर मुनव्वरभाईंनी काय केलं नाही ते विचारा. ग्रंथालयांच्या पायऱ्या झिजवल्या. ज्यांच्या समारंभांत भाषणं ठोकली होती त्या सगळ्या लेखकांना फोन केले, तर जो तो म्हणे, "वा, वा! नक्की घेतो. बाकी माझ्या नव्या पुस्तकाचं काय झालं, सर?" एका बक्षीससमितीतल्या सुनीतीबाईंना पुस्तक नेऊन दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि गोड हसून म्हणाल्या, "आपण किती प्रेमानं लिहिता हो सगळ्यांबद्दल." पुस्तक त्यांनी बाजूच्या गठ्ठ्यावर ठेवलं, आणि चहा येईपर्यंत त्यावर दुसरं पुस्तक येऊन पडलं.

एकच उपाय उरला होता. पुढच्या सदरात उघड लिहायचं, की आजवरचं सगळं खोटं होतं आणि हे एकच खरं आहे. ते लिहायलाही बसले. पण पहिल्याच ओळीला ते सगळे चेहरे समोर आले. बँकेतल्या बाई, मंगळवाले गृहस्थ, पाकिटात कात्रण ठेवणारे मास्तर. एका बाईसाठी एवढ्यांच्या दुपारी काढून घ्यायच्या? कागद तसाच राहिला. या अल्ला, काय हा पेच! हुस्नबानू म्हणाली, "जगाचं सोडा. निदान त्या पोरीला जाऊन सांगा. तिला खरं कळलं म्हणजे ती लिहील. बाकी पुढचं पुढं."

हे मुनव्वरभाईंना पटलं. जग नाही तर नाही, निम्मी झालेली कादंबरी तरी वाचली पाहिजे. रविवारी ते बस बदलून खराडीला गेले.

काचेच्या इमारतींच्या मागे जुन्या गावठाणात घर होतं. दारात शालनताईंची सासू, बायडाबाई, शेवग्याच्या शेंगा मोडत बसली होती. "या, या. फळबाजारवालं सायेब ना तुमी? शालू, तुझं सायेब आल्यात बघ." आतून शालू आली. पस्तिशीची, गळ्यात कंपनीचं कार्ड, सुट्टीच्या दिवशीही कामावर निघालेली. कंपनीच्या कँटीनमध्ये ती देखरेखीला होती. तिने पाणी दिलं, चहा टाकायला सांगितला आणि समोर बसली.

"पुस्तकं खपली का ताई?"

"नाही. पाहुण्यारावळ्यांत दिली तेवढी गेली. तुमचं परीक्षण वाचलं." ती हसली, अगदी मायेने. "चांगलं लिहिलंय."

मुनव्वरभाईंनी हातातला पेला खाली ठेवला. "ताई, ते विसरा. शेवटची वाक्यं माझी नव्हती, ती संपादकांनी घातली. मी तुम्हाला आज खरं सांगायला आलोय. मी बाकीच्यांना जे लिहितो ना, ते माणसाचं मन राखायला लिहितो. त्यात काही खरं नसतं. पण तुमचं तसं नाही. तुमचं पुस्तक खरोखर मोठं आहे. ती दुसरी कादंबरी पूर्ण करा. मी हात जोडतो."

 शालूच्या चेहऱ्यावर राग नव्हता. म्हणूनच मुनव्वरभाईंना जास्त भीती वाटली.

"संपत गव्हाणे आठवतात का, सर? वाघोलीचे. बैलाची कादंबरी लिहिली होती."

मुनव्वरभाईंना आठवलं. बैल तीन वेळा मरतो ती कादंबरी. "हो. का?"

"माझे सख्खे मामा ते. तुम्ही त्यांच्याकडे जेवायला आला होता. मी वाढायला होते. जेवण झाल्यावर तुम्ही मामाचा हात हातात घेतला आणि म्हणालात, 'संपतराव, बाकीच्यांना मी मन राखायला लिहितो. पण तुमचं तसं नाही. तुमचं खरं आहे.'"

शेंगा मोडायचा आवाज थांबला. मुनव्वरभाईंना ते घर, ते पिठलं, संपतरावांचा तो भरून आलेला चेहरा, सगळं लख्ख दिसलं. म्हटलं होतं. शब्द न शब्द म्हटलं होतं. आणि एकट्या संपतरावांनाच नाही. कितीतरी घरांत, निघताना, हात हातात घेऊन हेच म्हटलं होतं, कारण नुसत्या छापील कौतुकाने ज्यांचं पोट भरत नसे त्यांना एवढ्याने भरायचं.

"मामाने त्यानंतर आणखी तीन लिहिल्या," शालू सांगत होती. "लग्नात आहेराबरोबर वाटतो. लोक समोर घेतात आणि मागं हसतात. मामी जेवायला बोलवायची तर तो म्हणायचा, थांब, बागवान सरांनी सांगितलंय, माझं खरं आहे. मी बघितलंय ते सगळं. मला मामा व्हायचं नाही, सर."

"ताई, पण तुमचं खरंच..."

"तुम्ही चांगलं माणूस हाय," ती म्हणाली.  "एवढ्या लांब आलात. कोण येतं? पण ते निम्मं लिहिलेलं मी परवाच बंबात घातलं. आता तुम्ही म्हणालात म्हणून वाईट नका वाटून घेऊ. चहा घ्या, गार होतोय."

मुनव्वरभाईंनी चहा घेतला. नको कसं म्हणणार?  त्यांना ओरडून सांगायचं होतं, की बाई, तू जाळलंस ते सोनं होतं गं. पण सोनं हा शब्दही त्यांनी कधीच कुणाला तरी देऊन टाकला होता, आणि तो परत आणायला जायला जागा नव्हती. शालूने घड्याळाकडे बघितलं, तिला कामावर जायचं होतं. ती त्यांच्याबरोबर बसथांब्यापर्यंत आली आणि बस येईपर्यंत गुलजारभाईंच्या गाळ्याची, यंदाच्या आंब्याची चौकशी करत राहिली.

मुनव्वर बागवानांनी सदर बंद केलं. पुस्तकं अजून येतात, दोन-दोन प्रतींच्या जुडग्यात. गुलजारभाईंचा मुलगा ती घेऊन टेबलाखाली ठेवतो. मुनव्वरभाई दुपारी पट्ट्या लिहून झाल्या की नुसते बसून असतात. मध्यंतरी एका तरुण लेखकाने गाळ्यावर येऊन फार आर्जवाने विचारलं, "सर, फक्त एवढंच सांगा, माझं चांगलं आहे की वाईट?" मुनव्वरभाईंनी त्याच्याकडे बघितलं, ओठ हलवले, आणि मग एक डाळिंब उचलून त्याच्या हातात ठेवलं.